धरणाखालचे शुक्रवार

आमच्या ह्यांच्या साहेबाला ट्राउट नावाच्या माशाचं वेड होतं. साहेब स्कॉटलंडचा. त्याच्या गावाजवळ म्हणे एक नदी आहे, नदीवर धरण आहे, आणि धरणाखालून जे गार, स्वच्छ पाणी वाहतं त्यात हे मासे असतात. दर उन्हाळ्यात सुट्टी घेऊन तो तिकडे जायचा, दिवस दिवस गुडघाभर पाण्यात उभा राहायचा, मासे पकडायचा आणि पकडलेला प्रत्येक मासा परत पाण्यात सोडून द्यायचा. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "मग पकडायचा कशाला?" हे म्हणाले, "तेच तर." म्हणजे काय, ते तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं.

आम्ही तेव्हा शारजात राहत होतो. नव्वदीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. हे सिव्हिल इंजिनिअर. ह्यांच्या कंपनीकडे डोंगरातल्या लहान लहान धरणांच्या देखरेखीचं काम होतं. तिकडे पाऊस वर्षातून दोनचारदाच पडतो, पण पडला की वादीतून, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीतून, लोंढाच येतो. तो अडवून जमिनीत मुरवायचा, एवढंच त्या धरणांचं काम. हत्ता नावाच्या डोंगरातल्या गावाच्या पुढे असंच एक धरण होतं. त्याच्या भिंतीखालून पाणी झिरपायचं, त्याचा एक डोह झाला होता आणि डोहातून पुढे थोडं अंतर अगदी खरी नदी वाहायची. काठाला बोरू, चारदोन खजुराची झाडं. पाण्यात बोटाएवढे मासे, क्वचित एखादा तळहाताएवढा. साहेब त्यांना कौतुकाने 'आवर ट्राउट' म्हणायचा. वाळवंटात आलेल्या माणसाने तेवढ्यावर भागवलं होतं.

भागत नव्हतं ते सोबतीवाचून. ती त्याने ह्यांच्यात शोधली. चातुर्मासात ज्या घरात कांदासुद्धा येत नसे, त्या घरातला हा मुलगा! तिकडे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. साहेबाने विचारलं, "शुक्रवारी येणार का मासे धरायला?" आणि हे म्हणाले, "शुअर सर." ह्यांना 'नाही' हा शब्द इंग्रजीत कधी सापडलाच नाही. मराठीत तो फक्त माझ्याशी बोलताना सापडायचा.

पहिल्या शुक्रवारी हे मान भाजून घेऊन परत आले, पण चेहरा असा उजळलेला की मी बघतच राहिले. गळाला गांडूळ-बिंडूळ काही नसतं, हे त्यांनी मला दहा वेळा सांगितलं. पिसं आणि दोरा गुंडाळून एक खोटी माशी बनवायची. तिला वजनच नसतं, म्हणून ती फेकता येत नाही. फेकायची ती दोरी. छडी मागे न्यायची, दोरी पाठीमागे हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, आणि मगच पुढे. जरा घाई केली की सगळा गुंता. "सगळी गंमत त्या थांबण्यात आहे," हे म्हणाले. मग आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सराव सुरू झाला. माशीच्या जागी माझ्या विणकामातल्या लाल लोकरीचा तुकडा. खालून आमचा पठाण वॉचमन ओरडायचा, "साब, उधर मछली नहीं है, उधर सिर्फ डिश अँटेना है!"

मी वैतागायची, पण आतून मला बरं वाटायचं. कारण त्याआधीची दोन वर्षं आमच्या घरात कोणी मोकळेपणाने हसलं नव्हतं. मला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा राहिले नाहीत. पहिल्या वेळी निदान हे घरी होते. दुसऱ्या वेळी हे डोंगरात, साइटवर, फोन लागत नाही अशा जागी. मी कळा दाबत, भिंत धरत शेजारच्या मल्याळी बाईंच्या दारापर्यंत गेले. त्या नर्स होत्या, आणि नशिबाने दिवसा घरी होत्या. त्यांची नाइट ड्युटी नसती तर, याचा विचार मी आजही पूर्ण करत नाही. त्यानंतर मला एकटेपणाची भीतीच बसली. हे बाथरूममध्ये जास्त वेळ राहिले तरी मी दार वाजवायची.

त्या हिवाळ्यात मला तिसऱ्यांदा दिवस गेले.

तीन महिने पुरे झाल्याशिवाय कोणाला सांगायचं नाही, ही आपल्याकडची रीत. या वेळी आम्ही ठरवलं, पाचवा लागेपर्यंत कोणालाच नाही. ह्यांच्या आईला नाही, माझ्या आईला नाही. डॉक्टरीणबाई आणि आम्ही दोघं, बस. उलट्या होत होत्या, तर शेजारणीला ॲसिडिटी सांगितली. एरवी ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. गाडी घेतली तेव्हा रजिस्ट्रेशन व्हायच्या आधी अर्ध्या पुण्याला बातमी होती. पण या वेळी ह्यांनी तोंडाला असं कुलूप लावलं की घरात आम्ही दोघंच असतानासुद्धा हे त्याविषयी अवाक्षर काढत नसत. मला वाटलं, चला, शहाणे झाले.

आणि त्यातच रुवैसचं निघालं.

रुवैस म्हणजे अबूधाबीच्याही पलीकडे, पार पश्चिमेला, रिफायनरीचं गाव. ह्यांच्या कंपनीला तिथे काम मिळालं होतं. दोन वर्षांसाठी एक इंजिनिअर पाठवायचा होता, तोही बॅचलर स्टेटसवर. म्हणजे राहायचं कॅम्पात, बायको न्यायची नाही. नावं दोन होती, ह्यांचं आणि एका हैदराबादच्या माणसाचं. त्याचं कुटुंब तसंही भारतातच होतं. निवड साहेबाच्या हातात.

मला विमानाने पुण्याला जायला डॉक्टरीणबाईंनी सक्त मनाई केली होती. म्हणजे हे रुवैसला गेले तर मी शारजाच्या त्या फ्लॅटमध्ये एकटी, पोटात हे मूल घेऊन. एका संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "अहो, सरळ साहेबाला सांगून टाका ना. बायकोला दिवस गेलेत म्हणा. माणूसच आहे तो."

हे एकदम उखडले. "नाही. कोणालाच सांगायचं नाही असं ठरलंय ना? मग नाही."

इतके चिडतील असं वाटलं नव्हतं. मी मनात म्हटलं, साहेबासमोर कमीपणा वाटत असेल. पुरुषांचं काही सांगता येत नाही.

मग राहिला एकच मार्ग, साहेबाला खूश ठेवायचा. ह्यात आम्हाला कोणी काही शिकवायची गरज नव्हती. माझे वडील सरकारी नोकरीत होते. दर मे महिन्यात बदल्यांची हवा सुटली की आमच्याकडून हापूसची एक पेटी मुकाट्याने साहेबाच्या बंगल्यावर जायची आणि वडील आणखी एक वर्ष पुण्यातच राहायचे. साहेब खूश असला की आपल्याला हलवत नाही, हे आम्ही लहानपणापासून बघितलेलं. मी ह्यांना सांगितलं, "त्याला जेवायला बोलवा. बाकी माझ्यावर सोडा."

साहेब जेवायला आला. पुरण शिजताना त्याच्या वासाने मला तीनदा मोरीत पळावं लागलं, पण मी पुरणपोळी केली, मसालेभात केला, भरली वांगी केली. साहेबाने पोळीवर तूप असं ओतून घेतलं की मला माझा भाऊ आठवला. मला म्हणाला, "तुम्ही काहीच खात नाही?" मी म्हटलं, "ॲसिडिटी, सर."

जेवण झाल्यावर तो घर बघत हिंडत असताना देवघरापाशी थांबला. तिथे बाळकृष्णाच्या मागे मोरपीस होतं. सासूबाई पहिल्यांदा शारजाला आल्या तेव्हा त्यांनी खास आणलेलं. एक तर कृष्णाला हवं म्हणून, आणि दुसरं, मोरपीस असलं की घरात पाल येत नाही म्हणून. साहेबाचे डोळे लहान मुलासारखे झाले. मोरपिसाच्या तंतूंसारखी माशी दुसऱ्या कशाची होत नाही, ट्राउट तिच्यावर तुटून पडतात, असं तो ह्यांना सांगायला लागला. इथे असलं पीस त्याला कुठेच मिळालं नव्हतं.

हे माझ्याकडे बघून मराठीत हळूच म्हणाले, "द्यायचं का?"

देवाच्या मागचं पीस, गळाला लावून मासे धरायला! तेही माझ्या पोटात असं असताना. पण डोळ्यांसमोर रुवैस होतं. मी बाळकृष्णाला मनातल्या मनात हात जोडले, पीस काढलं आणि दोन्ही हातांनी साहेबाला दिलं. तो इतका हरखला की मला वाटलं, झालं काम.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर त्यांनी विचारलं, "काय गं, पाली-बिली दिसतात का तिकडे?" मी "नाही हो आई" म्हटलं आणि फोन ठेवून रडले. काही अभद्र झालं तर ते त्या पिसामुळे, असं मी स्वतःशी पक्कं करून टाकलं होतं. दिवसातून दहादा पोटावर हात ठेवून बघायची. पोटात जरा ओढल्यासारखं झालं की जागच्या जागी उभी राहायची, श्वास रोखून.

निर्णय शनिवारी जाहीर होणार होता. आदल्या शुक्रवारसाठी साहेबाचं आमंत्रण आलं, बायकोलाही घेऊन ये, धरणाखाली पिकनिक करू, तुमच्या मोरपिसाच्या माश्या तयार आहेत. मी त्याच्या फोर-व्हीलमधून यावं असं त्याचं म्हणणं होतं. हत्तापर्यंत रस्ता चांगला, पण शेवटचा टप्पा नुसते दगडगोटे, आणि साहेब त्यावरूनही गाडी दामटायचा. नाही म्हणायचं तर कारण काय सांगायचं? जे कारण होतं ते सांगायचं नव्हतं. शेवटी मला मोठ्या गाडीत मळमळतं, अशी थाप मारून आम्ही आमच्या जुन्या गाडीने निघालो. डांबर संपल्यावर ह्यांनी गाडी अशी चालवली की बाजूने चाललेली बकरीसुद्धा पुढे गेली. पुढे साहेब थांबून हात बाहेर काढून ओरडत होता, "यल्ला, यल्ला!" म्हणजे चला, चला. मी सीटच्या दोन्ही कडा धरून अंग अधांतरी ठेवलं होतं. प्रत्येक दगडाला हे माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायची, मग पुढचा दगड.

धरणाची भिंत मला वाटली होती त्यापेक्षा उंच होती. तिच्या सावलीत डोह गार आणि हिरवा. मी एका सपाट दगडावर सतरंजी टाकून बसले आणि ह्यांना पहिल्यांदाच हे करताना पाहिलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हे पाण्यात उतरले. छडी मागे गेली, दोरी डोक्यावरून मागे उलगडत गेली, आणि हे थांबले. घरात तोंड भाजत चहा पिणारा, लिफ्टचं बटण चारदा दाबणारा हा माणूस नुसता थांबला. मग दोरी पुढे गेली आणि माशी पाण्यावर अशी टेकली की पाण्याला कळलंसुद्धा नसेल. मला वाईट वाटलं ते याचं, की इतकी वर्षं संसार करून मी ह्यांचा हा चेहरा पाहिला नव्हता. त्या पाण्यात हे सगळं विसरत असावेत, मलासुद्धा.

एक मासा लागला, तळहातापेक्षा थोडा मोठा. ह्यांनी हात ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाची कातडी दुखावते म्हणे, आणि गळ अलगद काढून त्याला पाण्यातच धरून ठेवलं. तो शुद्धीवर येऊन आपणहून निघून जाईपर्यंत तळवा उघडा ठेवला. तो गेला तेव्हा माझा श्वास सुटला.

साहेब टाळ्या वाजवत होता. मग त्याने थर्मासमधून तिघांना चहा ओतला, माझ्या हातात कप दिला आणि म्हणाला, "मॅडम, एक छान बातमी आहे. उद्या ऑफिसात सांगणारच आहे, पण तुम्हाला आधी." रुवैसच्या कामावर मुख्य म्हणून तो स्वतः जाणार होता. दोन वर्षं. आणि त्याने हट्टाने ह्यांना मागून घेतलं होतं. हैदराबादच्या माणसापेक्षा ह्यांचा अनुभव कमी असूनही. "तिथे समुद्र आहे. आम्ही दर शुक्रवारी मासे धरू. तुमच्या नवऱ्यासारखा जोडीदार मला कुठे मिळणार?"

आंब्याच्या पेट्या देऊन माझ्या वडिलांनी साहेबांना खूश केलं, तेव्हा साहेबांनी त्यांना हलवलं नाही. हा साहेब खूश झाला म्हणून हलवत होता. आमच्याकडे साहेबाला माणूस आवडला की तो त्याला सुखाने राहू देतो. ह्याच्याकडे माणूस आवडला की तो त्याला बरोबर घेऊन जातो. हे मला पुरणपोळी लाटताना कोण सांगणार होतं?

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पाण्यात उभे होते, चेहरा पांढराफटक. आणि तोंडातून आलं, "थँक यू, सर."

माझं इंग्रजी मराठी शाळेतलं. साहेबाशी मी आजवर 'येस सर' आणि 'मोअर घी, सर?' यापलीकडे बोलले नव्हते. मी कप दगडावर ठेवला आणि उभी राहिले.

"नो, सर. ही कॅनॉट कम."

हे मागून म्हणाले, "अगं, थांब."

"बेबी कमिंग, सर. बिफोर, टू टाइम्स बेबी केम. बोथ गॉन." माझा आवाज धरणाच्या भिंतीवर आपटून परत येत होता, की मलाच तसं वाटत होतं. "लास्ट टाइम आय वॉज अलोन इन हाउस. सर, आय कॅनॉट बी अलोन अगेन. प्लीज."

साहेबाने डोक्यावरची टोपी काढली. मग ह्यांच्याकडे वळला. "व्हाय ऑन अर्थ डिडन्ट यू टेल मी, मॅन?" साहेबाने माझ्या हाताला धरून मला पुन्हा दगडावर बसवलं, म्हणाला, "खलास, विषय संपला. तो इथेच राहील. तुम्ही आता काळजी करू नका." आणि आपली दोरी गुंडाळायला लागला. गुंडाळलेली दोरी त्याने पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळली. त्याच्याही घरी कधी काही झालं असेल का, हे मी नंतर खूपदा मनाशी म्हटलं. विचारलं मात्र नाही.

परतीच्या वाटेवर दगडगोटे संपेपर्यंत ह्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं होतं हे सुटकेचा निःश्वास टाकतील, निदान मला बरं केलंस म्हणतील. डांबरी रस्ता लागला. थोडं पुढे जाऊन ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"का सांगितलंस?"

"म्हणजे? मग काय रुवैसला पाठवायचं होतं तुम्हाला?"

"रुवैसला गेलो असतो! काहीही केलं असतं. पण सांगायचं नव्हतं." स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून हे समोर बघत होते. "पहिल्या वेळी मी भावाला फोनवर सांगितलं होतं. मला राहवलंच नाही. लगेच ते झालं. दुसऱ्या वेळी म्हटलं, कोणालाच नाही सांगायचं. पण साइटवर डबा खाताना बरोबरच्या माणसाला बोलून गेलो. त्याच दिवशी तू शेजारच्यांच्या दारात..." ह्यांनी खिडकीची काच खाली केली. "दोन्ही वेळा मी सांगितलं गं. तुझ्या तोंडाकडे बघून कधी कबूल करता आलं नाही."

हा माणूस इंजिनिअर. अमावस्येला नवीन काम सुरू करणारा, माझ्या दृष्ट काढण्याला हसणारा. आणि दोन वर्षं हा असा विचार एकट्याने उराशी धरून बसला होता, आणि मी त्याला शहाणपण समजत होते. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी दया आली की काय करावं कळेना. माझ्या मोरपिसाबद्दल मी त्या वेळी काहीच बोलले नाही. दोघांनी एकाच वेळी घाबरून चालण्यासारखं नव्हतं.

"अहो, इकडे बघा," मी म्हटलं. "या वेळी तुम्ही कोणाला सांगितलेलं नाही. मी सांगितलंय. काय व्हायचं असेल ते माझ्या माथी. तुमचा काही संबंध नाही. आता गाडी काढा, ऊन चढलंय."

ह्यांनी बाहीने डोळे पुसले आणि गाडी काढली. मी खूप धीराची आहे, असं ह्यांना वाटलं असेल. शारजा येईपर्यंत माझे दोन्ही हात पोटावर होते आणि मी बाळकृष्णाला, ज्योतिबाला, आठवतील त्या सगळ्यांना विनवत होते. पुढचे महिनेही तसेच गेले. एकही दिवस निश्चिंत गेला नाही. हैदराबादचा माणूस रुवैसला गेला, साहेबही गेला. हे रोज ऑफिसातून मला दोनदा फोन करायचे, मी उचलला की काहीच न बोलता ठेवायचे. घरात त्या विषयावर आम्ही तेव्हाही बोलत नव्हतो.

उन्हाळ्यात मुलगी झाली. नर्सने तिला गुंडाळून ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी तिला नीट धरलं, तिचा श्वास चाललाय ना ते वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. बाहेर सासूबाई होत्या, माझी आई होती, ह्यांच्या ऑफिसातले दोघंतिघं होते. हे दाराकडे निघाले आणि मध्येच थांबले. वळून माझ्याजवळ आले आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "आता सांगू?"